ल्युपिनचं प्रथिन वाढलं, पण दर्जा घसरला. माझं चुकलं कुठे?

अर्धवट_प्रबंध

नमस्कार मंडळी. अन्नशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं सत्र चालू आहे आणि प्रबंध ल्युपिन या कडधान्यावर आहे. गेले तीन आठवडे एकाच तक्त्याकडे बघून डोळे शिणले, म्हणून इथे आलो.

माझ्याकडे दोन प्रकारचं बी आहे. एक निळा ल्युपिन (अँगुस्टिफोलियस), गोड वाणाचा, पश्चिम ऑस्ट्रेलियात पिकलेला. दुसरा पांढरा (अल्बस), आणि हा कडू निघाला. किती कडू? एक बी चावून पाहिलं तर संध्याकाळपर्यंत चहाची चव कळत नव्हती.

निळ्याचे चार नमुने केले: अख्ख्या बियांचं पीठ, सालं काढून केलेलं पीठ, तेच पीठ एक्स्ट्रूडरमधून (उष्णता आणि दाबाखाली पीठ ढकलणाऱ्या यंत्रातून) काढलेलं, आणि आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेलं प्रथिन. आयसोलेटसाठी पीठ पीएच ९ला विरघळवलं, चोथा काढला, मग पीएच ४.५वर आणून साका बसवला, धुतला, वाळवला. पांढरं बी रात्रभर भिजवून उकळलं, पाच दिवस पाणी बदलत ठेवलं, वाळवून दळलं.

नेमके आकडे अजून बाहेर द्यायची परवानगी नाही, म्हणून फक्त क्रम सांगतो. प्रथिनाच्या टक्केवारीत आयसोलेट सगळ्यांच्या पुढे, मग धुतलेला पांढरा, मग साल काढलेलं पीठ (एक्स्ट्रूडरमधलं जवळजवळ तेवढंच), शेवटी अख्खं पीठ. आता दर्जाचा आकडा, म्हणजे पचनीयता धरून काढलेला अमिनो आम्लांचा गुण. त्यात एक्स्ट्रूडरवालं पहिलं, त्याच्या मागे दोन्ही साधी पिठं जवळजवळ जोडीने, मग पांढरा, आणि आयसोलेट चक्क तळाला.

मार्गदर्शक म्हणाले, आयसोलेट खाली येणं शक्य नाही, परत कर. दोनदा परत केलं, तेच आलं.

आणखी दोन गोष्टी खटकतात. कडू पांढरं बी धुतल्यावर साखर वगैरे निघून जाते, म्हणून प्रथिनाचा टक्का चांगला वाढेल असं वाटलं होतं. वाढला, पण हिशोबापेक्षा कमी. आणि एक्स्ट्रूडरमधून बाहेर आलेलं पीठ चांगलं तपकिरी होतं, तरी लायसिन (एक आवश्यक अमिनो आम्ल) जागच्या जागी. यंत्रात दोष, की माझ्यात?

सोयावाला

सोपं आहे हो. आयसोलेटला कुठे पुरेशी उष्णता मिळाली? कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिन (प्रथिन पचवणारं एन्झाइम) रोखणारे घटक असतात, ते उष्णतेने मोडतात. म्हणून एक्स्ट्रूडरवालं वर आणि आयसोलेट खाली. सोयाबीनमध्ये आम्ही हेच बघतो. आयसोलेट थोडा वेळ वाफवून परत मोजा.

जुनी_काचभांडी

सोयावाले, तुमचं उत्तर सोयाबीनला शंभर टक्के लागू. ल्युपिनला नाही. ल्युपिनमध्ये ट्रिप्सिन रोखणारे घटक इतके किरकोळ असतात की गोड ल्युपिनचं पीठ न भाजतासुद्धा जनावरांच्या खाद्यात चालतं. ल्युपिनची अडचण अल्कलॉइडची, म्हणजे कडू विषारी घटकांची, आणि अल्कलॉइड उष्णतेने मरत नाहीत, पाण्याने जातात. उकळण्याचं काम वेगळंच असतं. उकळल्याने बी मरतं, पेशींचे पडदे फुटतात आणि आतला कडूपणा बाहेर पडायला वाट मिळते. शिवाय प्रथिनं गोठतात, त्यामुळे पुढच्या पाच दिवसांच्या धुण्यात ती कमी वाहून जातात.

आता अर्धवट, तुला. आधी एक रागवून घेते. प्रयोगशाळेतलं बी तोंडात घालायचं नाही. कडू वाणात अल्कलॉइड १ ते ४ टक्क्यांपर्यंत असू शकतात. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या ल्युपिनला किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे ०.०२ टक्के. फरक तूच मोज. एका बीने तुला काही झालं नाही, ठीक. दुसऱ्यांदा नको. आणि तुमच्याकडे कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दळताना त्याला बाहेर पाठव. ल्युपिनची धूळ अशा माणसाला कधी कधी चांगलीच भोवते.

मी पंचवीस वर्षं अमिनो आम्लांचं यंत्र सांभाळलं. ‘प्रथिन वाढलं म्हणजे दर्जा वाढला’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ऐकलं की आपोआप चष्मा पुसायला घेते. तुझे मार्गदर्शक तेच म्हणताहेत. टक्केवारी सांगते, १०० ग्रॅम पिठात प्रथिन किती. दर्जाचा आकडा सांगतो, १ ग्रॅम प्रथिनात काय काय. हे दोन प्रश्न एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

सालाचंच बघ. निळ्या ल्युपिनचं साल वजनाने बीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि त्यात प्रथिन नावालाच. साल काढलं की ३२ टक्क्यांचं पीठ ४०च्या आसपास जातं. पण प्रथिन तेच, गर्दीतला नुसता भुसा कमी झाला. म्हणून तुझी दोन्ही साधी पिठं जोडीने आली. यावरूनच मला कळलं की तुझा हात चांगला आहे.

आयसोलेटची गोष्ट वेगळी, कारण तिथे तू प्रथिनांची निवड केलीस. ल्युपिनच्या बीत मुख्य चार घराणी: अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा कॉनग्लुटिन. अल्फा आणि बीटा मोठी, संख्येने जास्त, आणि पीएच ४.५ला निमूट साक्यात बसतात. गॅमा आणि डेल्टा लहान घराणी, पण गंधक त्यांच्याकडे. डेल्टा तर सिस्टीनने गच्च. आणि ही दोघं आम्लात बरीचशी विरघळलेलीच राहतात. म्हणजे साका तू ठेवलास, निवळ (वरचं पाणी) मोरीत ओतलीस, आणि गंधकवाल्या प्रथिनांचा मोठा वाटा निवळीबरोबर गेला. मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकवाली अमिनो आम्लं म्हणजे ल्युपिनची मुळातली कमजोर बाजू. तिथेच तू कात्री लावलीस.

पांढऱ्याचंही थोडंफार तसंच. लहान, विरघळणारी प्रथिनं पाण्याबरोबर थोडी जातातच.

पण माझ्या म्हणण्यावर विसंबू नको. आधी तीन प्रश्नांची उत्तरं दे.

एक, मेथिओनिन आणि सिस्टीनसाठी परफॉर्मिक आम्लाने ऑक्सिडेशन केलंस का? नुसत्या ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशाला २४ तास उकळलंस तर ही दोघं अर्धवट जळतात आणि ट्रिप्टोफॅन तर पूर्णच जातं. दोन, गुण काढताना मोजपट्टी (कुठलं अमिनो आम्ल किती लागतं याचा एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचा, तक्ता) कुठली, १९९१ची की २०१३ची? तीन, पचनीयता कशी मोजलीस?

अर्धवट_प्रबंध

काकू, (काकू म्हटलं तर चालेल ना?) रागावणं मान्य. पुन्हा चाखणार नाही.

एक: परफॉर्मिक केलं, सगळ्या नमुन्यांना. ट्रिप्टोफॅन अल्कलीत वेगळं काढलं.
दोन: १९९१ची, दोन ते पाच वर्षांच्या मुलांची.
तीन: पीएच पडण्याची पद्धत, म्हणजे एन्झाइमने प्रथिन तुटताना पीएच किती उतरतो त्यावरून. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि प्रोटिएज, ३७ अंश, दहा मिनिटं.

मोजपट्टीने एवढा काय फरक पडतो? सगळ्यांना एकच लावली आहे.

जुनी_काचभांडी

काकू चालेल. आजी म्हणणारेही येतात.

फरक पडतो, बस आणि ऐक. १९९१च्या पट्टीत १ ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ५८ मिलिग्रॅम लागतं आणि गंधकवाली दोन्ही मिळून २५. २०१३च्या पट्टीत तीन वर्षांपुढच्यांसाठी लायसिन ४८ आणि गंधकवाली २३. आता समज, तुझ्या पिठाच्या १ ग्रॅम प्रथिनात लायसिन ४८ आणि गंधकवाली २२ आहेत. (हे आकडे तोंडी हिशोबासाठी, तुझे तू घाल.) जुन्या पट्टीने लायसिनचा भाग ०.८३ आणि गंधकाचा ०.८८. म्हणजे सगळ्यात मागे लायसिन. नव्या पट्टीने लायसिन १ आणि गंधक ०.९६, म्हणजे मागे गंधक. पीठ तेच, बी तेच, दोषी बदलला.

म्हणून तुझ्या तक्त्यात नुसता गुण नको. प्रत्येक रांगेसमोर लिही की कुठलं अमिनो आम्ल मागे पडलं. माझा अंदाज असा: साध्या पिठांच्या रांगेत लायसिन सापडेल आणि आयसोलेटच्या रांगेत गंधक. दोन वेगळ्या कारणांनी आलेले दोन गुण तू एका खाली एक मांडतोयस आणि मग क्रम का उलटला म्हणून डोकं धरतोयस. जाता जाता व्हॅलिनवरही नजर टाक. ल्युपिनमध्ये तेही काठावरच असतं, आणि कुणी बघत नाही.

पीएच पडण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. तिचं सूत्र आठव. ६५.६६ अधिक १८.१० गुणिले पीएचमधली घट. म्हणजे पीएच तसूभर हललं नाही तरी पचनीयता ६५.६६ टक्के! दगड टाकला तरी पासष्ट. नमुन्यांची आपापसात तुलना करायला ती बरी आहे, झटपट होते, उंदीर लागत नाहीत. पण पिठातले क्षार आणि फायटेट पीएचला धरून ठेवतात, आणि आयसोलेटमध्ये ते कमी उरतात. त्यामुळे पीठ विरुद्ध आयसोलेट अशा तुलनेत दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर मी तरी निष्कर्ष उभा करणार नाही.

एक्स्ट्रूडर वर का आला ते मात्र मला पटतं. ल्युपिनमध्ये स्टार्च जवळजवळ नाहीच. त्याऐवजी पेशींच्या भिंती जाडजूड, आणि प्रथिन त्या कोठड्यांमध्ये बंद. एक्स्ट्रूडरचा दाब आणि घुसळण त्या भिंती फोडतात, गोळा होऊन बसलेली प्रथिनं उलगडतात, एन्झाइमला आत हात घालता येतो.

आता पांढऱ्या बीचा टक्का. प्रथिन काढायला नायट्रोजन मोजून ६.२५ने गुणलंस ना? अल्कलॉइडमध्येही नायट्रोजन असतो, आणि उकळत्या सल्फ्युरिक आम्लाला त्याची जात विचारता येत नाही. ल्युपॅनिनचं उदाहरण घे. रेणुभार २४८, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे वजनाने सुमारे ११.३ टक्के नायट्रोजन. बीत २ टक्के ल्युपॅनिन धर. ०.२३ टक्के नायट्रोजन झाला. गुणिले ६.२५. जवळजवळ १.४ टक्के ‘प्रथिन’, जे प्रथिन नव्हतंच. तुझं कडू बी मुळात फुगवून मोजलं गेलं होतं. धुतल्यावर ती सूज उतरली, म्हणून वाढ कमी दिसली.

लायसिनचं रात्री लिहिते. हात दुखला.

बी_पेरणारा

काकूंच्या मध्ये बोलतोय. मी बियाण्याच्या बाजूचा माणूस. शीर्षकात प्रथिनाचा दर्जा आहे आणि वाणाबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून राहवलं नाही.

‘गोड वाण’ म्हटलं की लोकांना वाटतं, प्रथिनही वेगळं. तसं नसतं. १९२०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी लाखो रोपं एकेक तपासून अल्कलॉइड कमी असलेली मोजकी रोपं शोधली. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी गोडवा, शेंगा न तडकणं, पांढरं फूल अशी एकेक जनुकं जोडत निळा ल्युपिन शेतात आणला. त्यांचा युनिव्हाइट १९६७चा. या सगळ्या निवडीत लक्ष होतं कडूपणावर, काढणीवर, रोगावर. मेथिओनिनकडे बघून कुणी निवड केलेली नव्हती. त्यामुळे एकाच प्रजातीच्या दोन गोड वाणांत दर्जाचा मोठा फरक सापडेल अशी आशा धरू नका.

प्रजाती बदलली की मात्र गोष्ट बदलते. पिवळ्या ल्युपिनमध्ये (ल्युटियस) निळ्यापेक्षा प्रथिन जास्त आणि सिस्टीनही जास्त. अँडीजमधल्या म्युटाबिलिसमध्ये प्रथिन ४० टक्क्यांच्या वर आणि तेल सोयाबीनच्या तोडीचं. पांढऱ्यात तेल १० टक्क्यांच्या आसपास, निळ्यात ६. म्हणजे अर्धवट, तू निळा आणि पांढरा यांची तुलना करतोस तेव्हा तेल काढलंस की नाही, हेही लिहायला हवं.

आणि तुझ्या पांढऱ्याचा कडूपणा. पांढऱ्यात परपरागीभवन बऱ्यापैकी होतं. गोड वाणाच्या शेजारी कडू झाडं असली की पुढच्या पिढ्यांत कडू बी मिसळत जातं. तुला कडू म्हणूनच दिलं होतं, की गोड म्हणून दिलेलं कडू निघालं? दुसरं असेल तर तुझा नमुना मिश्र आहे आणि प्रत्येक मुठीत अल्कलॉइड वेगळे येतील.

पण माझा खरा मुद्दा जमिनीचा. ज्या जमिनीत गंधक कमी, तिथलं ल्युपिनचं झाड बी भरायचं थांबत नाही. ते गंधकवाली प्रथिनं कमी करतं आणि बीटा कॉनग्लुटिन वाढवतं, कारण बीटाला गंधक फारसं लागत नाही. प्रथिनाचा टक्का बघून तुम्हाला कळणारही नाही. तोच वाण, दोन शेतं, दोन दर्जे. प्रबंधात वाणाचं नाव लिहून शेत आणि वर्ष न लिहिणं म्हणजे पत्रावर गाव लिहून घर नंबर विसरणं.

झाडाची गंधकाची थैली केवढी, हे १९९७ साली छान दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या मेथिओनिनयुक्त प्रथिनाचं जनुक निळ्या ल्युपिनमध्ये घातलं. बीतलं मेथिओनिन ९४ टक्क्यांनी वाढलं. आणि सिस्टीन १२ टक्क्यांनी घटलं. एकूण गंधक होतं तेवढंच राहिलं. एका खिशातून दुसऱ्या खिशात.

अर्धवट_प्रबंध

बी_पेरणारा, पोटात गोळा आला. बी ‘गोड’ म्हणूनच आलं होतं. पुरवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, थोडं कडू असतंच. शेत आणि वर्ष निळ्याचं माझ्याकडे आहे, पांढऱ्याचं नाही.

काकू, सकाळी तक्ता परत उघडला. तुम्ही म्हणालात तसंच. दोन्ही साध्या पिठांत लायसिन मागे, आयसोलेटमध्ये गंधकवाली. पांढऱ्यातही गंधकवाली. आठ महिने मी तो रकाना लपवून ठेवला होता, पान छापायला रुंद होतं म्हणून.

जुनी_काचभांडी

पान आडवं छाप.

पांढऱ्याचं बी उरलं असेल तर दहा-दहा बियांचे वेगळे गट करून अल्कलॉइड तपासून घे. मिश्र निघालं तर तसं लिही. लपवलेला दोष परीक्षक शोधतो, कबूल केलेल्या दोषावर तो मान डोलावतो.

आता तपकिरी पीठ. रंग बदलला म्हणजे साखर आणि लायसिन यांची गाठ पडली. ल्युपिनमध्ये सुक्रोज आणि रॅफिनोजच्या घराण्यातल्या साखरा असतात. त्या स्वतः लायसिनला चिकटत नाहीत, पण एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत त्या तुटतात आणि तुटलेले तुकडे चिकटतात. मग तुझं लायसिन जागच्या जागी कसं? कारण नमुना तू आम्लात चोवीस तास उकळलास. त्या उकळण्यात चिकटलेल्या लायसिनचा बराच भाग सुटून परत लायसिन होतो आणि यंत्र त्याला प्रामाणिकपणे मोजतं. पोटात ते आम्ल नसतं. तिथे ते चिकटलेलंच राहतं आणि वाया जातं. तुला क्रियाशील (न चिकटलेलं) लायसिन मोजायला हवं, किंवा निदान फ्युरोसिन, म्हणजे चिकटलेल्या लायसिनची खूण. दोन्ही जमत नसेल तर एक वाक्य लिही की एकूण लायसिनवरून उष्णतेची इजा दिसत नाही.

‘गंधक मागे आहे, मग लायसिन थोडं गेलं तर काय बिघडलं’ असं कुणीतरी विचारेल. ल्युपिन एकटाच खायचा असेल तर नव्या पट्टीने फारसं बिघडत नाही. पण ल्युपिनचं पीठ बहुतेक वेळा गव्हात मिसळतात. गव्हाच्या १ ग्रॅम प्रथिनात लायसिन २६ धर, गंधकवाली ३८. ल्युपिनचं प्रथिन निम्मं घातलंस तर मिश्रणात लायसिन ३७ आणि गंधकवाली ३०. गंधकाची ददात मिटली, आणि आता मागे लायसिन. ते आणायलाच तर ल्युपिन घातला होता. भाजताना तेच जाळलं तर मिसळलं कशाला?

आयसोलेटला अजून एक शंका. पीएच ९ला किती वेळ ठेवलंस, आणि गरम होतं का? अल्कलीत सिस्टीन मोडतं आणि त्याचा तुकडा लायसिनला पकडून लायसिनोॲलॅनिन तयार होतं. खोलीच्या तापमानाला तासभर असेल तर मी काळजी करणार नाही. रात्रभर असेल तर करेन.

आणि निवळ खरंच मोरीत ओतलीस?

अर्धवट_प्रबंध

पीएच ९, एक तास, गरम न करता.

निवळ सगळी नाही ओतली. तिसऱ्या वेळच्या दोन बाटल्या उणे वीसला आहेत. वर ‘टाकणे’ अशी चिठ्ठी आहे, पण मागच्या कप्प्यात असल्यामुळे कुणी टाकल्या नाहीत. सोमवारी काढतो. त्यात गंधकवाली सापडली तर साका आणि निवळ मिळून हिशोब पिठाशी जुळायला हवा, बरोबर?

जुनी_काचभांडी

बरोबर, धुण्याचं पाणी आणि चोथ्यात राहिलेलं धरून. ते तू ठेवलं नसशील, म्हणून थोडी तूट येईल.

दोन सूचना. निवळीत साखर आहे, ती तशीच आम्लात उकळलीस तर काळा गाळ होईल आणि अमिनो आम्लं त्यात अडकतील. आधी पडद्याच्या पिशवीत घालून पाणी बदलत ठेव. पिशवी ३.५ किलोडाल्टनची (म्हणजे त्याहून लहान रेणूच बाहेर सोडणारी) घे, १४ची नको. डेल्टा जेमतेम तेरा-चौदाचं आहे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच भोकातून निघून जाईल आणि तू परत इथे येऊन विचारशील की गंधक गेलं कुठे.